नक्षत्रांची नावे धारण केलेली बिनइंजिनाची विमाने

१/ रोहिणी, मृग, आर्द्रा. ही नावे कानी पडताच खान्देशातील शेतकऱ्याला पाऊस आणि पेरणी आठवते. विसाव्या शतकात हीच नावे भारतीय बनावटीच्या ग्लायडरांनाही मिळाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आजचा धागा त्या बिनइंजिनाच्या विमानांविषयी आणि त्यांना आकाशात पोचविणाऱ्या जमिनीवरील हातांविषयी.

२/ ग्लायडिंग क्लबची कल्पना जर्मनीत रुजली. १९१९ च्या व्हर्साय तहाने त्या देशाच्या लष्करी विमानदलावर बंदी आली. इंजिनाच्या विमानांवरही कडक निर्बंध आले. मग तरुणांनी वासरकुप्पे या डोंगराची वाट धरली. १९२० मध्ये तेथे पहिली स्पर्धा भरली. रबरी दोर ओढून आधी सोबत्याला हवेत सोडायचे, मग आपली पाळी, अशी तेथील रीत होती.

३/ आपल्याकडे १९५० मध्ये पुण्याजवळ हडपसर येथे नागरी विमान वाहतूक खात्याचे ग्लायडिंग केंद्र सुरू झाले. खात्याच्या दिल्लीतील तांत्रिक केंद्रात देशी ग्लायडरांचे आराखडे तयार होऊ लागले. एस. राममृतम हे या कामातील अग्रणी अभियंते.

४/ नावे पाहा : अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. कृत्तिकांच्या जागी कार्तिक, बाकी सारी नक्षत्रमाला क्रमाने! १९६१ मध्ये प्रथम उडालेल्या लाकडी बांधणीच्या ‘रोहिणी’त गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत. १९६३ मध्ये ‘कार्तिक’ने, तर १९७० मध्ये ‘मृगशीर’ने उड्डाण केले.

५/ स्वयंसेवकांच्या क्लबातील दिवस कसा असतो? पहाटे हँगरची दारे उघडतात. ग्लायडर हातांनी ढकलत मैदानात आणायचे, पंख, सुकाणू आणि दोराची कडी तपासायची. एकजण विंचवर, एकजण खुणा करण्यास, एकजण पंखाचे टोक सावरून धावण्यास, तर एकजण नोंदवहीत वेळ टिपण्यास. एका माणसाच्या उड्डाणामागे निदान चौघे उन्हात उभे असतात.

६/ विंच पोलादी दोर गुंडाळू लागते आणि क्षणार्धात ग्लायडर वर झेपावते. सुमारे हजार फुटांवर वैमानिक दोर सोडतो. पुढचे सारे हवेच्या हाती. तापलेल्या जमिनीवरून उठणारा ऊष्ण झोत सापडला, तर घारीप्रमाणे घिरट्या घेत वर चढायचे. न सापडला, तर काही मिनिटांतच परत.

७/ असे झोत काळ्या, नांगरलेल्या रानावर जोमाने उठतात. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधील तापीचे खोरे एप्रिल-मे महिन्यांत कसे भाजून निघते, हे जळगावकरांना सांगावयास नको. तरंगणाऱ्याला हवा तो हाच ताप. मृगाचे ढग दाटले, रान भिजले की झोत मंदावतात. शेतकरी ज्या नक्षत्राची वाट पाहतो, त्याच नक्षत्राशी ग्लायडरचा हंगाम सरतो!

८/ आकाशाच्या अभ्यासाची येथील परंपरा जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. त्या मठाच्या निर्वाहासाठी दिलेल्या दानांचा तपशीलही लेखात आहे. विद्या टिकते ती तिला सांभाळणाऱ्यांमुळे, हे त्या दगडालाही ठाऊक होते.

९/ आज जळगाव, धुळे आणि शिरपूर येथे धावपट्ट्या आहेत. शिरपूरला वैमानिकही घडतात, पण इंजिनाच्या विमानांवर. ग्लायडिंगला इंधन थोडे लागते, माणसे मात्र पुष्कळ लागतात. पंखाचे टोक धरून धावणारा उद्या आला नाही, तर उत्तम ग्लायडरही हँगरमध्ये धूळ खात पडते. लाकडाला डिंक कसा लावावा, दोर कसा गाठावा, हे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जाते. साखळी तुटली की ते संपते.

१०/ म्हणून यापुढे मृग लागेल तेव्हा एकदा वर पाहा. आणि इतिहास वाचताना उडणाऱ्याच्या नावाबरोबर दोर ओढणाऱ्यांचीही चौकशी करा. धागा समाप्त.