टाकळीचे शंख आणि आगगाडीतला सहप्रवासी : रोजच्या जगण्यातला देवाचा महिमा



देवाचा महिमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? नाताळची रोषणाई, गायनमंडळ, फार तर एखादं मोठं प्रवचन. पण पौलाने करिंथकरांना लिहिताना खाण्यापिण्यासारख्या साध्या गोष्टीसुद्धा देवाच्या गौरवासाठी करा, असं सांगितलं. म्हणजे सोमवार ते शनिवारचं काय, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर आज आपण नागपूरच्याच इतिहासात शोधू.

सुरुवात अर्थातच स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून. त्यांचं नाव आपण रोज घेतो, पण ते कॉलेजचं म्हणून. माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो. स्कॉटलंडमधल्या डन्स गावी १८१७ साली त्यांचा जन्म झाला. १८४५ च्या सुरुवातीला ते पत्नी इरॅस्मा यांच्यासह इकडे पोचले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं आणि आगगाडी यायला अजून बावीस वर्षं होती. ते मराठी शिकले आणि १८४६ साली त्यांनी शाळा सुरू केली. पुढे १८८३ साली त्याच कामातून कॉलेज उभं राहिलं आणि त्याला त्यांचं नाव मिळालं.

आता हिशेब मांडायचा तर अठरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले लोक मोजकेच निघतील. मिशनच्या अहवालात मिरवावी अशी ती संख्या नव्हती. मग त्यांच्या आयुष्यात महिमा दिसला कुठे? आम्हाला वाटतं, तो त्यांच्या पाहण्यात दिसला.

१८५१ सालची गोष्ट घ्या. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर टाकळीकडे फिरायला गेले. टाकळी तेव्हा शहराबाहेर होती. तिथल्या दगडांत त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. हे शंख होते लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये. याचा अर्थ असा, की एक थर वाहून थंड झाला, त्यावर तळी साचली, जीव वाढले, आणि मग पुढचा थर येऊन पसरला. बर्डीच्या टेकडीचे थरही त्यांनी असेच बारकाईने तपासले. १८५५ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात या दोघांचा नागपूरच्या भूगर्भावरचा निबंध आला. आजही दख्खनच्या पठाराचा अभ्यास करणाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागते. फिरायला तर आपणही जातो! पण निर्मिती देवाची आहे असं मानणाऱ्याने ती नीट पाहिली पाहिजे, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

माणसांच्या बाबतीतही तेच. गोंडांमध्ये फिरताना त्यांनी लिंगोची कथा परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी ती त्यांच्या इतर टिपणांबरोबर छापली. दुसऱ्याच्या देवाची कथा एका मिशनऱ्याने मन लावून लिहून ठेवावी, हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. १८५४ साली राज्य खालसा झालं, त्यानंतरच्या कारभारातल्या गैरप्रकारांवरही त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं. तो कारभार त्यांच्याच देशबांधवांचा होता.

पण मंडळी, इथे एक अवघड गोष्ट आपण टाळू नये. हिस्लॉप कंपनी सरकारच्या सावलीतच आले होते. इथल्या धर्मांना ते चूक मानत. मुलगा शाळेत गेला तर आपल्या हातून जाईल, ही पालकांची धास्ती खोटी नव्हती. हे सगळं खरं आहे. त्यांना संत करून भिंतीवर टांगलं तर आपण इतिहासाशीही बेइमानी करू आणि श्रद्धेशीही. महिमा देवाचा म्हणायचा असेल, तर माणसाचे दोष झाकायची गरजच काय?

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला ते टेंपल यांच्याबरोबर गेले होते. परतताना गावातली शाळा तपासण्यासाठी ते मागे थांबले. अंधार पडला. बोरीकडे येताना पुराने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. वय अवघं पंचेचाळीस. शेवटच्या दिवशीचं काम कोणतं? दगड पाहणं आणि मुलांचा अभ्यास घेणं. म्हणजे रोजचंच.

आता दुसरा माणूस. याचं नाव इतिहासाला माहीत नाही. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपुरात होते. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांचं लेखनकाम चाले. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. एका गोऱ्याने तेव्हा एका हिंदी माणसाशी बरोबरीने, आदराने बोलावं, हेच नवल होतं. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांना डोंगरावरच्या प्रवचनाने धरलं. लोकांनी तुमची चांगली कामं पाहून स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा, ही शिकवण त्याच प्रवचनातली. टिळकांनी ती वाचण्याआधी डब्यात पाहिली होती!

१८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण त्याची किंमत कुणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. घर मोडलं, ताटातूट झाली. नंतर नवऱ्याबरोबर राहायला आल्यावरही त्यांनी सोवळंओवळं एकदम टाकलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं, की त्यांचा बदल प्रवचनाने झाला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर पाण्याच्या भांड्यापाशी अमलात आणलं. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. ही पाच वर्षं आपण नीट लक्षात ठेवू या. घरातल्या माणसाला असा वेळ देणं, हाही त्या महिम्याचाच भाग आहे.

तेव्हा मंडळी, एकाने दगड पाहिला, एकाने शेजारच्याशी नीट बोलणं केलं, एकीने स्वयंपाकघरात जात मोडली. यातलं चर्चच्या चार भिंतींत काहीच घडलं नाही. उद्या सोमवार आहे. कुणी दवाखान्यात ड्यूटीवर जाईल, कुणी शाळेत, कुणी दुकान उघडेल. डब्यात आपल्या शेजारी कोण बसणार हे आपल्याला ठाऊक नाही. आपण त्याच्याशी कसे बोलतो, एवढं मात्र आपल्या हातात आहे.