ठराव १९२४ चा, ओंजळ १९२७ ची : महाडचे चवदार तळे आणि 'शिकणे' म्हणजे काय?

(१)
जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव केला की, चवदार तळे सर्वांना खुले आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने त्या तळ्याचे पाणी समुदायाने प्राशन केले ते २० मार्च १९२७ रोजी. मधली तीन वर्षे ठराव दप्तरात होता आणि तळ्याच्या पायऱ्या होत्या तशाच. हुकूम बदलूनही पाऊल का वळले नाही? या प्रश्नाचे अर्धे उत्तर इतिहासात आहे, अर्धे मानसशास्त्रात. हा धागा त्या दोहोंविषयी.

(२)
प्रथम पार्श्वभूमी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेली वा सरकारी देखरेखीखालील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडचा ठराव त्याच्याच पाठोपाठ आला. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्याचे आजचे नाव रायगड.

(३)
आता मानसशास्त्राकडे. 'शिकणे' म्हटले की पाटी-पुस्तक डोळ्यांपुढे येते. मानसशास्त्रात मात्र या शब्दाची व्याप्ती मोठी आहे: अनुभवामुळे वर्तनात घडून येणारा, बऱ्यापैकी टिकणारा बदल म्हणजे शिकणे. त्याची काही अगदी मूलभूत रूपे आहेत. एखाद्या गोष्टीला सरावणे, दोन गोष्टींची सांगड घालणे, शिक्षा टाळणे, दुसऱ्याचे पाहून करणे आणि हाताला वळण लागणे. महाडच्या इतिहासात ही पाचही दिसतात.

(४)
सर्वांत साधे रूप म्हणजे सरावणे. पोलादपूर-महाडच्या काठावर नव्याने राहायला आलेल्या माणसाला पावसाळ्यातील सावित्रीच्या आवाजाने झोप लागणार नाही. काठावरच वाढलेल्याला तो आवाज जाणवतही नाही. तोच उद्दीपक निरुपद्रवीपणे पुन्हा पुन्हा आला की प्रतिसाद क्षीण होतो. इंग्रजीत याला 'हॅबिच्युएशन' म्हणतात. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईच्या कल्ले आखडण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेत हे चेतापेशींच्या पातळीवर दाखवून दिले. स्मृतीवरील अशा संशोधनासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

(५)
गोगलगाय आणि समाज यांत अंतर मोठे आहे, तेव्हा तुलना जपूनच करावी लागते. तरी तळ्याच्या काठावरचे चित्र आठवावे. हिंदू पाणी भरीत, मुसलमान भरीत, गुरे पाणी पीत. केवळ काही माणसांना मज्जाव होता. रोज दिसणाऱ्या या दृश्याचे पाहणाऱ्याला आश्चर्य वाटेनासे झाले होते. अन्यायाला केवळ क्रूर माणसे टिकवून धरीत नाहीत. सरावलेले डोळेही त्याला टिकवतात.

(६)
मग ज्यांना मज्जाव होता तेही 'सरावले' होते काय? येथे एक महत्त्वाचा भेद आहे. सौम्य, निरुपद्रवी उद्दीपकाला प्राणी सरावतो. उद्दीपक तीव्र वा इजा करणारा असेल, तर पुष्कळदा उलट घडते: प्रतिसाद वाढतो, सावधपणा वाढतो. याला संवेदनीकरण म्हणतात. म्हणून 'त्यांना त्याची सवयच होती' हे वाक्य शास्त्राच्या कसोटीवरही उतरत नाही. काठावरून पाहणारा सरावतो. ज्याच्या अंगावर वार होतो तो शिकतो, पण निराळा धडा.

(७)
तो धडा टाळण्याचा. १९५३ साली रिचर्ड सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. सूचनेनंतर विजेचा झटका बसे; मधला अडसर ओलांडून पलीकडे उडी मारली की तो चुकत असे. कुत्री हे लवकर शिकली. पुढे झटका बंद केला, तरी सूचना मिळताच ती शेकडो वेळा उडी मारीतच राहिली. कारण उघड आहे. जो उडी मारतो, त्याला अलीकडे आता काहीच होत नाही हे कळण्याची संधीच मिळत नाही.

(८)
१९२४ ते १९२७ या काळातील महाडचा काही उलगडा येथे होतो. टाळण्याची सवय स्वतःच स्वतःला जपते. तळ्यावर कोणी गेलेच नाही, तर ठरावात दम आहे की नाही हे कळणार कसे? कागदावरची बंदी उठली, तरी पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेली बंदी तशीच राहते. ती उठवण्याचा एकच मार्ग असतो: जाऊन पाहणे.

(९)
मात्र प्रयोगशाळा आणि महाड यांत एक निर्णायक फरक होता. प्रयोगातील झटका खरोखर बंद केला होता. महाडात तो चालू होता. मारहाण, बहिष्कार, कामावरून काढणे, गावातून हुसकावणे ही शस्त्रे ठरावाने कोणाच्या हातातून काढून घेतली नव्हती. तेव्हा तळे टाळणाऱ्यांची समजूत जुनी वा चुकीची नव्हती. परिस्थितीचे त्यांचे वाचन अचूक होते. या मुद्द्याला बगल दिली की मानसशास्त्र पीडितालाच दोष देऊ लागते.

(१०)
आणखी एक धागा कोकणातलाच. या भागातील अनेक महार कुटुंबांतील पुरुष ब्रिटिशांच्या फौजेत होते. दापोली ही तर पेन्शनर सैनिकांची वस्ती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच निवृत्त सैनिक. अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते. फौजेत कवायत शिकवतात, म्हणजे शरीराला ताठ उभे राहण्याचे, खांद्याला खांदा लावून चालण्याचे वळण लावतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. मार्च १९२७ च्या महाडच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या भरतीबंदीचा मुद्दा मांडला होता.

(११)
१९ मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आदींनी तिच्यासाठी श्रम घेतले होते. प्रतिनिधींसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावात नगरपालिकेने तळे खुले केले होते, त्याच गावात ही स्थिती.

(१२)
दुसऱ्या दिवशी परिषद संपत असताना तळ्यावर जाण्याची सूचना आली. मिरवणूक शिस्तीने निघाली. डॉ. आंबेडकर तळ्यात उतरले, त्यांनी ओंजळभर पाणी घेतले आणि पाठोपाठ शेकडोंनी घेतले. दुसऱ्याचे पाहून शिकणे हेही शिकण्याचे एक रूप. आल्बर्ट बांडुरा यांनी ते १९६१ च्या बाहुलीच्या प्रयोगातून मांडले. हजार भाषणांनी जे कळत नाही, ते एका माणसाला करताना पाहून कळते. महाडात तर पाहणारा लगेच करणाराही झाला.

(१३)
आणि झटका आलाच. जमाव आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली. परतणाऱ्या, जेवणाऱ्या, पांगलेल्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले झाले. अनेक जण जखमी झाले. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला. प्रतिनिधींत माजी सैनिक होते, प्रतिकाराची ताकद होती. डॉ. आंबेडकरांनी सर्वांना शांत राहण्यास सांगितले आणि ते राहिले. हात न उचलणे हीसुद्धा शिकावी लागणारी कृती आहे.

(१४)
पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. १०८ घागरी पाणी उपसले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून ते मंत्रोच्चारात पुन्हा तळ्यात ओतले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला नेमकी चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. शिकण्याच्या भाषेत सांगायचे तर जुना धडा पुन्हा गिरवून घेण्याचा हा प्रयत्न होता: मार, विटाळ आणि कायदा, तिन्ही एकाच वेळी.

(१५)
मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली दाखवले की, काही केले तरी न चुकणारे झटके सोसलेली बरीचशी कुत्री पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहतात. त्याला 'शिकलेली असहायता' असे नाव पडले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे या दोघांनीच आपला सिद्धांत उलटा केला. दीर्घ यातनेत निपचित होणे हा मेंदूचा मूळचा प्रतिसाद असतो, तो शिकावा लागत नाही. शिकावे लागते ते हे, की आपल्या कृतीने काही बदलू शकते. महाडच्या ओंजळीचे मोल या वाक्याने कळते. मार्चमध्ये मार खाऊनही डिसेंबरात लोक अधिक संख्येने आले.

(१६)
डिसेंबरची मंडळी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाली, दासगावला उतरली आणि पायी महाडला आली. मंडपाला जागा दिली फत्तेखान यांनी. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या सत्याग्रहासाठी हजारोंनी नावे नोंदवली होती. पण विरोधकांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावून १४ डिसेंबरलाच तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. त्याचा मान राखून सत्याग्रह तहकूब झाला. तळ्याभोवती शांत मिरवणूक मात्र निघाली.

(१७)
याच परिषदेच्या अखेरीस डॉ. आंबेडकर स्त्रियांशी बोलले. जातीची खूण अंगावर वागवू नका, असा त्या बोलण्याचा रोख होता. लुगडे गुडघ्यापर्यंत नेसण्याची पद्धत, कथलाचे व चांदीचे जड दागिने यांवरून माणूस दुरूनच 'ओळखला' जाई. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, दागिन्यांचे ते ओझे टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. टिपणीस आणि चित्रे यांच्या घरातील स्त्रियांनी नव्या तऱ्हेचे नेसणे शिकवले. दुसऱ्या दिवशी स्त्रिया तसे नेसून परतीच्या वाटेला लागल्या.

(१८)
या प्रसंगाकडे कारक कौशल्य म्हणून पाहावे. नऊ वार लुगडे नेसणे ही हातांची स्मृती आहे: किती ओढायचे, निऱ्या कोठे धरायच्या, कासोटा किती घट्ट. पॉल फिट्स यांच्या मांडणीनुसार कौशल्य तीन टप्प्यांनी अंगी येते. आधी प्रत्येक पायरी मनाने मोजावी लागते. मग चुका कमी होत जातात. शेवटी हात आपोआप चालतात. ही स्मृती वेगळीच असते. १९५३ च्या मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन यांना नवे प्रसंग आठवेनासे झाले होते. तरी आरशात पाहून तारा गिरवण्यात ते दिवसेंदिवस सफाईदार होत गेले. आदल्या दिवशी गिरवल्याचे मात्र त्यांना आठवत नसे.

(१९)
याचा अर्थ असा की, हाताला लागलेले वळण केवळ पटवून देऊन सुटत नाही. त्याजागी दुसरे वळण घालावे लागते. भाषणाने इच्छा दिली, शिकवणाऱ्यांनी पहिला टप्पा दिला. उरलेला सराव प्रत्येकीला आपापल्या गावी, जुन्याच नजरांसमोर, रोज सकाळी करायचा होता. महाडच्या इतिहासातील हे धैर्य कोठल्याही ठरावात नोंदलेले नाही.

(२०)
दावा चालत राहिला. तळे खाजगी असल्याचे म्हणणे टिकले नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न उरला तो रूढीचा. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला: अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध होत नाही. निकाल देणाऱ्या खंडपीठातील न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींचा खटला चालवणारे न्यायाधीशच.

(२१)
जे कायमचेच वाटत होते, त्याला आरंभ असावा असे न्यायालयाला दिसले. ज्याला आरंभ असतो ते शिकलेले असते आणि शिकलेले बदलता येते. पण या बदलाला ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षे लागली. मध्ये एक ओंजळ, एक मार, एक शांत मिरवणूक आणि अगणित सकाळचे नेसणे होते. आजही २० मार्चला माणसे दुरून महाडला येतात आणि तळ्याचे पाणी हाती घेतात. सरावण्याचा नियम स्मारकांनाही लागू पडतो. रोज दिसणारे तळे दिसेनासे होते. म्हणून तेथे जाणाऱ्याने पायऱ्या उतरताना १९२४ ते १९२७ ही तीन वर्षे आठवावीत. ठराव झाला होता, पाणी तेथेच होते आणि तरीही कोणाला तरी पहिले पाऊल टाकावे लागले होते.