चालती जुनी गाडी अचानक 'डेड' का होते?

यवतमाळहून पांढरकवड्याकडे निघालेली जुनी मारुती ८०० भर मे महिन्यात चालता चालता बंद पडते. हॉर्न वाजत नाही, चावी फिरवली तरी डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. बॅटरी गेली, असे म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. नवी बॅटरी बसते आणि आठवडाभरात गाडी पुन्हा तशीच उभी राहते.

खरी खूण असते ती गाडी बंद कशी पडली यात. दिवे हळूहळू मंद झाले, हॉर्न बसत गेला आणि मग इंजिन अडखळत थांबले, तर ऑल्टरनेटर चार्जिंग देत नव्हता. गाडी उरलेल्या बॅटरीवर चालली होती. सगळे एका क्षणात गेले, तर करंटचा रस्ताच कुठेतरी तुटलेला असतो. बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची केबल, मेन फ्यूज किंवा इग्निशन स्विच, यांपैकी काहीतरी. बहुतेक जुन्या गाड्यांत हेडलाइट चावीशिवाय लागतात. ते लागले आणि चावी फिरवून डॅशबोर्ड मात्र अंधारातच राहिला, तर संशय इग्निशन स्विचवर आणि त्याच्या वायरीवर जातो.

गाडी आधी कडेला ढकलून घ्यावी. सप्लायच गेल्यावर इंडिकेटरही लागत नाहीत, त्यामुळे मागे त्रिकोण ठेवावा. मग इंजिन बंद असतानाच टर्मिनल हाताने हलवून पाहावे. पांढरी-हिरवी पूड साचलेले किंवा सैल टर्मिनल हे सर्वांत साधे आणि नेमके दुर्लक्षित कारण. विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर गेला की बॅटरीतले पाणीही लवकर आटते. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर तेही बघावे.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुढचे सांगतो. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; १२ च्या खाली ती जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवे. अर्थिंग तपासायचे तर एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर केबल आतून सडली आहे.

चालू इंजिनवर टर्मिनल काढून 'चार्जिंग बघण्याची' युक्ती डायनॅमोच्या काळातली. ऑल्टरनेटरच्या गाडीत व्होल्टेज उसळून त्याचे डायोड उडू शकतात, आणि एमपीएफआय गाडीत तर हजारोंचा ईसीयूही.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे. पावसाळ्यात उभ्या ठेवलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही निघते. फ्यूजच्या जागी जाड तार घातली, तर फ्यूजऐवजी वायरिंग तापते आणि आग तिथून लागते.