६४० केबीची कुळकथा

डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रामला ६४० केबीपलीकडे जागा मिळत नसे, याचं खापर सर्रास बिल गेट्स यांच्यावर फुटतं. ‘एवढी मेमरी कुणालाही पुरेल’ असं ते म्हणाल्याचा पुरावा नाही, त्यांनी स्वतःही ते नाकारलं आहे. आणि म्हणाले असते, तरी ती मर्यादा डॉसची नव्हतीच. १९८१च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यासाठी वीस तारा होत्या, म्हणजे सगळा आवाका १०२४ केबीचा. त्यातले वरचे ३८४ केबी आयबीएमने पडदा, जोडकार्डं आणि रॉम यांच्यासाठी राखले. व्हिक्टर ९००० या समकालीन यंत्राची मांडणी निराळी होती. तिथे एमएस-डॉसला ८९६ केबीपर्यंत मेमरी वापरता येई. पीसी सुरुवातीला १६ केबीवरही विकला जात होता, तेव्हा ६४०ला कद्रूपणा म्हणणं अन्यायाचंच.

ती हद्द टिकली ती जुने प्रोग्राम सांभाळण्याच्या हट्टापायी. गंमत म्हणजे जागा मोकळी करण्याची युक्तीही त्याच हट्टातून निघाली. ८०८८वर एक मेगाबाइट ओलांडणारा पत्ता फिरून शून्यावर येई आणि काही प्रोग्राम यावरच विसंबून होते. १९८४च्या पीसी एटीमधल्या ८०२८६ला चोवीस तारा. तिथे पत्ता सरळ पुढे गेला असता आणि हे प्रोग्राम बिघडले असते. म्हणून आयबीएमने ए-२० या एकविसाव्या तारेवर फाटक बसवलं, आणि त्याचा ताबा दिला चक्क कीबोर्डच्या कंट्रोलरकडे! हे फाटक उघडं ठेवलं, की जुन्याच चालीने चालणाऱ्या डॉसला मेगाबाइटच्या वर १६ बाइट कमी ६४ केबी हाती लागतात. १९९१च्या एमएस-डॉस ५मध्ये हायमेम ड्रायव्हर ते फाटक उघडी आणि कॉन्फिग फाइलमधल्या ‘डॉस=हाय’ या ओळीने डॉसचा बराचसा गाभा तिकडे हले. ८०३८६वर ईएमएम३८६ राखीव पट्ट्यातल्या रिकाम्या पत्त्यांमागे जास्तीची मेमरी उभी करी. माउसचा ड्रायव्हर ‘लोडहाय’ने तिथे जाई. त्यातही क्रम महत्त्वाचा: बरेच ड्रायव्हर चढताना जास्त जागा मागतात आणि बसल्यावर आकसतात, म्हणून मोठ्याला आधी चढवायचं. १९९३च्या एमएस-डॉस ६मधला मेममेकर हीच जुळवाजुळव आपणहून करी.

कुणी म्हणेल, एवढी कसरत कशाला? डॉसच बाजूला का सारलं नाही? प्रयत्न झाला होता. १९८७चं ओएस/२ सोळा मेगाबाइटपर्यंतची मेमरी वापरू शके. पण त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत डॉसचा प्रोग्राम एका वेळी एकच चाले, तोही ओएस/२च्या मोठ्या मेमरीचा लाभ न मिळता. ज्याचा हिशेब लोटस १-२-३मध्ये आणि पत्रव्यवहार वर्डपरफेक्टमध्ये होता, त्याला त्या सोळा मेगाबाइटांचा उपयोग काय? कॉन्फिग फाइलमध्ये दोन-चार ओळी घालून त्याचं काम भागत होतं.