सुधारणेच्या खतावणीतील जमा आणि नावे

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मागे वळून पाहताना आपण बहुधा जमेचीच बाजू वाचतो. कापडाच्या पेढीवर आयुष्यभर खतावणी लिहिताना एक गोष्ट मात्र माझ्या मनावर ठसली. नावेची बाजू कोरी ठेवली, तर ताळेबंद जुळत नाही. इतिहासाच्या बाबतीतही हेच खरे आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाबरोबर मुद्रणालय, रेल्वे, सरकारी शाळा आणि जनगणना आली. नव्या विद्येच्या प्रकाशात प्रत्येक समाज स्वतःकडे पाहू लागला. मुंबईत 1867 साली प्रार्थना समाज, तर पुण्यात 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. 1881 च्या जनगणनेत जैनांची स्वतंत्र नोंद झाली आणि आपण संख्येने किती अल्प आहोत, याची समाजधुरीणांना जाणीव झाली.

त्या जाणिवेतून जे कार्य उभे राहिले, ती आपली जमेची बाजू होय. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ मासिक सुरू केले. धर्मग्रंथ यंत्रावर छापल्यास शास्त्राचा अविनय होतो, असे मानणाऱ्यांचा विरोध त्या काळी तीव्र होता. तरीही ग्रंथ छापले गेले आणि भांडारातील शास्त्र सामान्य श्रावकाच्या घरी पोहोचले. मुंबईचे दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी विद्यार्थी-वसतिगृहांसाठी मुक्तहस्ते दान दिले. त्यांच्या कन्या मगनबाई यांना तरुणपणीच वैधव्य आले. परंतु त्यांनी स्वतः विद्या संपादन केली आणि श्राविकाश्रमाच्या द्वारे असंख्य निराधार भगिनींना विद्येचा मार्ग दाखविला. 1899 साली स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. आण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे विद्वान तिच्या कार्यात अग्रभागी होते. शेतकरी जैनांच्या मुलांना शिक्षण मिळावे, हा सभेचा ध्यास होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. त्यांत जैन बोर्डिंगही होते.

आता नावेची बाजू. कुंभोज येथे 1887 साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील याच जैन बोर्डिंगमध्ये विद्यार्थी होते. 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्नानास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या वास्तूचे दार समाजाने विद्येसाठी उघडले होते, तेच दार स्पर्शास्पर्शाच्या कल्पनेपायी एका विद्यार्थ्याला बंद झाले.

यात कोणा एका व्यक्तीला दोष देण्याचे प्रयोजन नाही. ती सर्वच समाजांची तत्कालीन रूढी होती. परंतु भगवंतांच्या समवसरणात प्राणिमात्राला स्थान आहे, असे नित्य ऐकणाऱ्या आपल्या समाजाला ही रूढी शोभणारी नव्हती, हेही प्रांजळपणे लिहिले पाहिजे.

भाऊरावांनी त्या अनुभवाची कटुता जपली नाही, त्याचे कार्य केले. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंक्तीला जेवू लागली. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले अलंकार आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

आज आपण कर्मवीरांचा उल्लेख अभिमानाने ‘आपले’ म्हणून करतो. तो अभिमान योग्यच आहे, मात्र त्यांना बाहेर जावे लागले, ही नोंदही आपलीच आहे. ट्रस्टने पन्नास वर्षांत काय उभारले, याचा हिशेब या स्मरणिकेत इतरत्र आहेच. पुढील पन्नास वर्षांचा हिशेब मांडणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा : आपल्या दारावरून कोणी परत तर गेला नाही ना? त्या प्रश्नाचे उत्तर निःशंकपणे देता आले, तरच आपली खतावणी खऱ्या अर्थाने जुळली असे म्हणता येईल.