काष्ठगुटिका इंधन
लाकूड कापण्याच्या कारखान्यांतील भुसा, रंध्याचे छिलके, तसेच जंगलतोडीनंतर उरणारे लाकडाचे अवशेष वाळवून, दळून व दाबून तयार केलेले दंडगोलाकार घन इंधन. गुटिकेचा व्यास सामान्यतः ६ किंवा ८ मिमी. असतो. ओल्या भुशाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते सु. १० टक्क्यांपर्यंत उतरवून भुसा छिद्रे असलेल्या पोलादी साच्यातून दाबून काढतात. घर्षणाच्या उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते व निवल्यावर कणांना धरून ठेवते. त्यामुळे निराळे बंधक द्रव्य बहुधा लागत नाही.

इतिहास : भुशाची विल्हेवाट लावणे ही कारखान्यांची जुनी अडचण होती. १९३०–४० या दशकात अमेरिकेतील आयडाहो राज्यात लूइस्टन येथे भुसा दाबून ‘प्रेस्टो-लॉग’ हे ओंडक्याच्या आकाराचे इंधन होऊ लागले. १९७३ च्या तेलसंकटानंतर, पशुखाद्याच्या गोळ्या करणारी यंत्रे भुशासाठी वापरण्यात आली. आर. डब्ल्यू. गनरमन यांना अशा गुटिकांचे अमेरिकन एकस्व १९७७ मध्ये मिळाले.

स्वीडनमधील पहिला कारखाना १९८२ मध्ये मूरा येथे निघाला. परंतु उत्पादनखर्च अपेक्षेहून अधिक ठरला आणि १९८६ मध्ये तो बंद पडला. त्याच वर्षी तेलाचे भावही कोसळले होते. १९९१ मध्ये स्वीडनने जीवाश्म इंधनांवर कार्बन कर बसविला. लाकूड त्यातून मुक्त असल्याने गुटिका तेलाशी स्पर्धा करू शकल्या. तंत्र तेच होते. बदलली ती किंमत.

पुढे मागणी वीजकेंद्रांपर्यंत पोहोचली. इंग्लंडमधील ड्रॅक्स केंद्राचा पहिला संच २०१३ मध्ये कोळशाऐवजी पूर्णतः गुटिकांवर चालू लागला. मात्र भुशाचा पुरवठा इमारती लाकडाच्या कापणीवर अवलंबून असतो; इंधनाची मागणी वाढली म्हणून तो वाढत नाही. त्यामुळे विरळणीत तोडलेले ओंडकेही गुटिकांसाठी वापरले जाऊ लागले. कुजून गेला असता असा भुसा जाळणे आणि भरून येण्यास अनेक दशके लागणारे झाड जाळणे यांचा कार्बनचा हिशेब सारखा नसतो. सध्याच्या वादाचे मूळ यात आहे.

साठविलेल्या गुटिकांतून विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्य बंदरात गुटिकांच्या जहाजावर एक खलाशी यामुळे दगावला. म्हणून बंदिस्त कोठारात शिरण्यापूर्वी हवा तपासणे आवश्यक असते.