आत्जेच्या काचा

यूजीन आत्जे मुळात नट. तिथे जम बसला नाही, तेव्हा त्याने कॅमेरा धरला आणि १८९८च्या सुमारास जुनं पॅरिस टिपायला लागला. लाकडी कॅमेरा, ट्रायपॉड, १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा. एवढं ओझं घेऊन चालणारा माणूस दिसेल त्याचा फोटो काढत नाही. कुठे थांबायचं ते त्याला ठरवावं लागतं. (आपल्या फोनला ही अट नाही, आणि मला वाटतं, तिथेच गोम आहे.)

आत्जे थांबला तो दाराच्या कड्यांपाशी, जिन्यांच्या कठड्यांपाशी, पाडायला काढलेल्या घरांपाशी. काही फोटोंवर त्याने लिहूनच ठेवलं: हे जाणार आहे. चामडं कमावणाऱ्यांच्या वस्तीतली बिएव्र नदी त्याने टिपली; १९१२पर्यंत पॅरिसमध्ये ती पुरती झाकली गेली. १९२०मध्ये सरकारने त्याच्या सुमारे २,६०० काचा विकत घेतल्या.

पण त्यातल्या गल्ल्या बहुतेक रिकाम्या. तो सकाळी लवकर निघायचा आणि एक्स्पोजर लांब, त्यामुळे चालता माणूस काचेवर धूसर व्हायचा, नाहीतर उमटायचाच नाही. १९०८च्या एका फोटोत मात्र दारूच्या दुकानाच्या काचेआड माणसं थबकून बाहेर बघतायत, आणि त्याच काचेत आत्जेचा कॅमेरा दिसतो.